मजले आणि मुदती

शिरपूरसारख्या तालुक्याच्या गावात नगरपालिकेशी भांडण असणे ही प्रतिष्ठेची गोष्ट आहे. ज्याचे पालिकेशी काहीच वाकडे नाही त्याच्याकडे बांधण्यासारखे काही नसावे, असा गावाचा समज होतो. करवंद नाक्यावर चहाचा घोट घेता घेता कोणी "आपलं मॅटर औरंगाबादले शे" एवढेच सहज म्हणाला, की ऐकणारे उरलेले समजून घेतात. भाऊंची रिट खंडपीठात पडलेली आहे, वकील तगडा आहे आणि निकाल लागेपर्यंत भाऊंच्या नातवाचे लग्न उरकलेले असेल. शहराचे नाव बदलून छत्रपती संभाजीनगर झाले, पण जुन्या मॅटरांचा मुक्काम लोकांच्या बोलण्यात अजून औरंगाबादलाच आहे.

बाहेरच्याला वाटते की हे भांडण विटा-सिमेंटचे असेल. एक मजला जास्त चढला, सामासिक अंतर तीन फुटांनी कमी पडले, जिन्याच्या खोलीत कोणी दुकान काढले. तसे ते कागदावर असतेही. प्रत्यक्षात बिल्डर आणि पालिका एकमेकांशी कमी आणि कॅलेंडरशी जास्त लढत असतात. कोणाची मुदत आधी संपते, एवढाच प्रश्न असतो. बाकीचा युक्तिवाद वकिलांच्या फीला शोभा यावी म्हणून.

खानदेशात सरकारने बांधकामाला 'नाही' म्हणायला सुरुवात केली तीही बरीच उशिरा. आधी चक्क विनवण्या झाल्या होत्या. पेशवाई बुडाल्यावर खानदेश इंग्रजांच्या हाती आला, कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्याला मुख्य ठाणे केले आणि १८१९ मध्ये तिथे कचेऱ्या बांधायला मंजुरी मिळवली. कारागीर दुरून आणावे लागले. व्यापाऱ्यांनी येऊन वसावे म्हणून घरांच्या जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या गेल्या, आणि पक्की घरे बांधायला वर उचलही मिळाली. जागा फुकट, कर्ज सरकारचे, विकास शुल्काचा पत्ता नाही, पार्किंगची अट नाही! आजच्या एखाद्या प्लॉटवाल्याला हे वाचून दाखवले तर तो ब्रिग्जसाहेबाचा पुतळा स्वखर्चाने उभारेल. पुतळ्याची परवानगी अर्थात नंतर घेईल.

नकाराचा कारखाना रीतसर सुरू झाला तो १९६६ साली, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम आल्यावर. वकिलांच्या तोंडी तो 'एमआरटीपी'. या कायद्यात मुदतींची अशी रेलचेल आहे की तो नगररचनेपेक्षा पंचांगाच्या जास्त जवळचा वाटतो.

त्यातले कलम ४५ पाहावे. बांधकाम परवानगीच्या अर्जावर साठ दिवसांत उत्तर दिले नाही, तर परवानगी मिळाली असे मानायचे. मौनाला संमती म्हणण्याची आपली जुनी रीत विधिमंडळाने थेट कायद्यात घालून टाकली. अर्थात बांधकाम नियमांत बसणारे हवे, ही अट आहेच. पण ती अट वाचेपर्यंत पहिल्या मजल्याचे सेंट्रिंग लागलेले असते. शहाणा अधिकारी म्हणूनच गप्प बसत नाही. अर्ज बारनिशीत नोंदला जातो, फाईल टेबलावर पिकत राहते, आणि अठ्ठावन्नाव्या दिवशी अर्जदाराच्या हातात त्रुटीचे पत्र पडते: चौथ्या प्रतीवर आर्किटेक्टची सही दिसून येत नाही, सबब पूर्तता करावी. सही केली की साठ दिवसांचा मीटर पुन्हा शून्यावर आला, असे कार्यालय समजते; अर्जदाराचा वकील तसे समजत नाही; आणि मॅटर औरंगाबादला निघते.

बिल्डरही काही कमी मुदतबाज नसतो. स्लॅब नेहमी शुक्रवारी संध्याकाळी का पडतो? सोमवारपर्यंत नोटीस काढायला कोणी नसते म्हणून. दिवाळीच्या सलग सुट्ट्यांत तर अख्खा मजला चढतो. मग पालिकेची नोटीस येते, कलम ५३ ची: विनापरवाना बांधकाम दिलेल्या मुदतीत काढून घ्या. या कलमाच्या पोटात एक गमतीची सोय आहे. नोटीस मिळालेल्या माणसाने मुदतीत 'झालेले बांधकाम कायम ठेवायला परवानगी द्यावी' असा अर्ज टाकला, तर त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत नोटीस थंडावते. म्हणजे आधी घर बांधा, मग ते बांधू का म्हणून विचारा. ज्या अर्जावर साठ दिवसांत उत्तर द्यायला हवे असे बिल्डर एरवी छाती बडवून सांगत असतो, तोच हा अर्ज साठ महिने पडून राहावा म्हणून तो आता देवाला नारळ फोडतो.

मुदतीची खरी मौज मात्र कलम १२७ मध्ये आहे. विकास आराखड्यात एखाद्या जमिनीवर शाळा, बाग, भाजीबाजार असे काही आरक्षण टाकले जाते. मालकाला तिथे मग स्वतःचे काही बांधता येत नाही आणि पालिकाही काही बांधत नाही. शाळा नकाशावर हिरव्या-पिवळ्या रंगात भरत असते. जमिनीवर बाभळी वाढतात. दहा वर्षे अशी गेली की मालकाने खरेदी सूचना द्यायची: घ्या एकदाची, नाहीतर सोडा. मूळ कायद्यात पालिकेला त्यावर सहा महिने मिळत. तेवढ्यात जमीन घेतली नाही किंवा ती घेण्यासाठी पावले उचलली नाहीत, तर आरक्षण गळून पडे.

ही पावले कशाला म्हणायचे, यावर महाराष्ट्रातल्या पालिकांनी वर्षानुवर्षे जो अभ्यास केला तो पीएचडीच्या तोडीचा आहे. गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे २००७ मध्ये हाच प्रश्न आला. मुदत संपायला बोटांवर मोजण्याइतके दिवस उरले असताना 'जमीन संपादित करावी' असे पत्र राज्य सरकारकडे रवाना झाले होते. पालिकेचे म्हणणे, हे घ्या पाऊल! न्यायालयाने बहुमताने सांगितले की नुसते पत्र टपालात टाकणे म्हणजे पाऊल उचलणे नव्हे. पुढे २०१३ मध्ये श्रीरामपूर नगरपरिषदेच्या प्रकरणात हीच भूमिका पुन्हा ठामपणे मांडली गेली. (नाव ऐकून शिरपूरकरांनी दचकू नये. ते श्रीरामपूर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. दोन्ही गावांची टपाले अधूनमधून एकमेकांकडे गेली तर नवल नाही, पण हा खटला नक्की त्यांचाच.)

यावर सरकारने काय करावे? पालिकांनी वेळेत पावले उचलावीत म्हणून त्यांना पैसे आणि माणसे द्यावीत, असे कोणी भाबडेपणाने म्हणेल. सरकारने मुदत वाढवली. २००९ मध्ये सहा महिन्यांचे बारा केले, २०१५ मध्ये बाराचे चोवीस. पालिकेचे पाऊल उचलले जाईना, तेव्हा कायद्यानेच दोनदा पुढे पाऊल टाकले.

आता मुंबईकडे वळले पाहिजे, कारण मजल्यांच्या बाबतीत मुंबई आपल्या फार पुढे आहे.

भुलाभाई देसाई रस्त्यावर, ब्रीच कँडीच्या समुद्राजवळ, 'प्रतिभा' नावाची ३६ मजली इमारत उभी राहिली. समुद्र दिसतो म्हटल्यावर प्रत्येक मजल्याला सोन्याचा भाव. १९८४ मध्ये महापालिकेच्या लक्षात आले की मंजूर एफएसआयपेक्षा २४,००० चौरस फूट बांधकाम जास्त झाले आहे. आपल्याकडच्या हिशेबात मांडायचे तर सुमारे बावीस गुंठे. अर्ध्या एकरापेक्षा मोठे शेत बिल्डरने हवेत चढवले आणि ते कोणाच्या नजरेस पडले नाही! खानदेशात बांध एक वीत सरकला तर दोन भावांची तीन पिढ्यांची बोलाचाल बंद होते. मुंबईचे लोक खरेच मोठ्या मनाचे.

महापालिकेचा हिशेब सरळ होता. मजल्यामागे ३,००० चौरस फूट, म्हणजे वरचे आठ मजले उतरवा. सोसायटी राज्य सरकारकडे गेली, तिथे जमले नाही. उच्च न्यायालयात गेली, तिथेही नाही. मग सर्वोच्च न्यायालय. या प्रवासात सोसायटीने एक प्रस्ताव मांडला, तो भारतीय स्थापत्याच्या इतिहासात नोंदवण्याजोगा आहे: वरचे आठ मजले आडवे कापण्याऐवजी इमारत उभी कापू द्या. म्हणजे तळापासून टोकापर्यंत एक काप काढायचा, २४,००० फूट भरून द्यायचे, उंची मात्र शाबूत. केकच्या दुकानात हा युक्तिवाद कदाचित चालला असता. न्यायालयाने तो नाकारला. १९९१ मध्ये निकाल लागला: आठ मजले पाडा. बेकायदा बांधकाम कधीही परवडत नाही हे सगळ्या बिल्डरांनी या प्रकरणावरून ओळखावे, अशा आशयाचा इशाराही न्यायमूर्तींनी दिला.

मजले पाडले गेले. छत्तीसातून आठ गेले, उरले अठ्ठावीस, आणि राहायला आलेले लोक शून्य. ती बिनशेंड्याची इमारत कित्येक वर्षे तशीच रिकामी उभी होती. ब्रीच कँडीचा समुद्र फुकट पाहत राहणारी मुंबईतली बहुधा ती एकमेव मालमत्ता.

सर्वोच्च न्यायालयाचा इशारा बिल्डरांनी मनावर घेतला असता. अडचण एवढीच की इशारा १९९१ चा आणि वरळीतल्या कॅम्पा कोला कंपाउंडमधल्या सात इमारती १९८१ ते १९८९ या काळात बांधून मोकळ्या झालेल्या. तिथे परवानगी पाच मजल्यांची होती. एक इमारत सतरा मजल्यांवर थांबली, दुसरी वीस मजल्यांवर. मध्ये १९८४ साली काम थांबवण्याची नोटीस निघाली, दंड झाले. दंड भरला की पाप फिटले, अशा श्रद्धेने काम पुढे चालू राहिले. घेणाऱ्यांनी फ्लॅट घेतले, पाणी आले, वीज आली, मुले मोठी झाली, त्यांची लग्ने झाली. आणि २०१३ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पाचच्या वरचे सगळे बेकायदा. असे ३५ मजले भरले.

त्या वर्षी नोव्हेंबरात बुलडोझर फाटक तोडून आत शिरला. रहिवासी आडवे झाले, दूरचित्रवाणीवर दिवसभर तेच दृश्य. दुसऱ्या दिवशी, १३ नोव्हेंबरला, न्यायालयाने आपण होऊन ३१ मे २०१४ पर्यंत मुदत दिली. पुन्हा मुदत! ती संपल्यावर जूनमध्ये महापालिकेचे लोक गॅस, पाणी, वीज तोडायला आले तेव्हा फाटकाशी होम पेटलेला होता. अग्नीला साक्षी ठेवून बिल्डरने करारनामा केला असता तर कदाचित ही वेळ आली नसती. या सगळ्या काळात एक पात्र मात्र कुठल्याच दृश्यात नव्हते: ज्याने वीस मजले चढवले तो. त्याची मुदत केव्हाच संपून तो मोकळा झाला होता. फ्लॅट विकला की बिल्डरचे भांडण संपते आणि फ्लॅट घेणाऱ्याचे सुरू होते, ही व्यवस्था ज्याने कोणी शोधली त्याला खरे तर वास्तुशास्त्राचे पारितोषिक द्यायला हवे.

पुण्याने या शास्त्रात कौटुंबिक जिव्हाळ्याची भर घातली. प्रभात रस्त्यावरचा एक भूखंड प्राथमिक शाळेसाठी आरक्षित होता. १९९० च्या दशकात ते आरक्षण उठले आणि तिथे दहा मजली इमारत आली. विकासक होते तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर जोशी यांचे जावई. मराठी घरात जावयाला अधिक महिन्यात अनारसे वाढतात, चांदीचे ताट देतात. इथे प्रभात रस्ता निघाला. जागरूक पुणेकर न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च १९९९ मध्ये ती सगळी प्रक्रिया बेकायदा ठरवली आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. ज्या मुलांसाठी शाळा राखली होती ती एव्हाना पदवीधर होऊन स्वतःच फ्लॅट शोधत असणार.

हा खेळ आपल्या मातीतला आहे असा अभिमान बाळगायला हरकत नव्हती, पण अमेरिकेने तो आधी खेळून ठेवला आहे. ओहायो राज्यात क्लीव्हलँड शहराला लागून युक्लिड नावाचे एक खेडे. खेडे म्हणजे कागदोपत्री. आपल्याकडच्या हद्दवाढीतल्या गावासारखे. तिथे अँब्लर रिअल्टी या कंपनीने ६८ एकर जमीन धरून ठेवली होती. कारखाने येतील, एकरी दहा हजार डॉलर मिळतील असा हिशेब. १९२२ मध्ये गावाने ठराव केला की गावाचे विभाग पाडायचे, कुठे घरे, कुठे दुकाने, कुठे कारखाने हे ठरवून द्यायचे. निवासी भागात गेलेल्या जमिनीचा भाव कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे अडीच हजारांवर येणार होता. कंपनी कोर्टात गेली. खालच्या कोर्टात जिंकली. गाव वर गेले आणि १९२६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात सहा विरुद्ध तीन मतांनी गाव जिंकले. न्यायमूर्तींनी निकालात दाखला दिला तो डुकराचा: डुक्कर गोठ्याच्या आवारात असले तर कोणाचे काही बिघडत नाही, दिवाणखान्यात आले की उपद्रव. जगभरच्या नगररचनाकारांच्या टेबलावर गेली शंभर वर्षे ते डुक्कर बसलेले आहे. आणि ती ६८ एकर? खटल्यानंतर बरीच वर्षे तशीच पडून राहिली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे जनरल मोटर्सचा कारखाना आला. सबंध खटला जो कारखाना नको म्हणून झाला, तोच.

पालिका आणि बिल्डर यांचे भांडण पाहून वैतागलेला माणूस म्हणतो की यांनी एकदाचे जुळवून घ्यावे. जळगावकडे पाहिल्यावर तो हे म्हणायचे सोडून देईल. तिथल्या पालिकेने सतरा मजली इमारत बांधली; गावात तिला 'सतरा मजली' याच नावाने ओळखतात आणि महापालिकेचा कारभार तिथूनच चालतो. त्याच पालिकेने १९९० च्या दशकात घरकुलांची मोठी योजना काढली, ठेका एका बिल्डर कंपनीला दिला. दोघांत तंटा नव्हता, नोटीस नव्हती, मुदतीची रस्सीखेच नव्हती. घरे ठरली होती सुमारे अकरा हजार, उभी राहिली दीड हजारांच्या आसपास. २००६ मध्ये तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने माजी मंत्र्यांसह ४८ जणांना दोषी ठरवले. फिर्यादीपासून तेरा वर्षे. भांडणारे बिल्डर आणि पालिका त्या मानाने गरीब म्हणायचे. निदान एकमेकांवर नजर तरी ठेवून असतात.

शिरपुरात वीस मजल्यांचा प्रश्न अजून आलेला नाही. इथे भांडण आडवे असते, ले-आऊटचे. मुंबई-आग्रा महामार्गाच्या आजूबाजूला शेते बिनशेती होतात, चुन्याच्या रेघा पडतात, कॉलनीला देवाचे, नेत्याचे किंवा प्लॉटवाल्याच्या आईचे नाव मिळते. नियमाप्रमाणे ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेत दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. हिला सगळे 'ओपन स्पेस' म्हणतात आणि तिच्याकडे पाहून प्रत्येकाचा जीव तुटतो. प्लॉटवाल्याला वाटते, ही माझीच. पालिकेला वाटते, आमची. रहिवाशांना वाटते, गणपती बसवायला आहे. दिल्लीच्या एका प्रकरणात १९९० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की अशी जागा मालकाने रहिवाशांसाठी विश्वस्ताच्या नात्याने सांभाळायची. महापालिका देखभाल करू शकते, पण फुकटात तिची मालकी मागू शकत नाही. निकाल तिघांनाही अर्धवट लागू पडतो, म्हणून तिघेही तो आपल्या बाजूने लागला असे सांगतात. दरम्यान कोणीतरी रातोरात तिथे एक छोटे देऊळ बसवतो. आता पाडून दाखवा.

आणि ज्यांनी ले-आऊटच मंजूर करून घेतला नाही, शंभराच्या स्टँपवर गुंठे विकले, त्यांच्यासाठीही कायदा कनवाळू आहे. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात १ जानेवारी २००१ च्या आधीचे तुकडे नियमित करायची सोय झाली. ही शेवटची संधी, असे तेव्हा सांगितले गेले. २०२१ मध्ये तारीख सरकून ३१ डिसेंबर २०२० झाली. मधल्या काळात, २०१७ मध्ये, एमआरटीपीतच कलम ५२अ घालून २०१५ अखेरपर्यंतची बेकायदा बांधकामे सांभाळून घेण्याची वाट केली गेली. एजंट गिऱ्हाईकाला सांगतो, "कसाले टेन्शन ले राहिना भाऊ? व्हई जाई सगळं." त्याच्यावर रागवण्यात अर्थ नाही. त्याने कायदा वाचलेला नसतो, पण कायद्याचा स्वभाव ओळखलेला असतो.

तेव्हा इसाराची रक्कम हातात घेऊन निघालेल्यांना एवढीच विनंती आहे. आधी शिरपूर-वरवाडे नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात जा, मंजूर ले-आऊटची प्रत मागा आणि आपल्याला दाखवलेला प्लॉट नंबर त्यावर बोटाने शोधा. कॉर्नरचा, पूर्वमुखी, शेजारी मंदिर असलेला प्लॉट स्वस्तात मिळत असेल तर प्रत दोनदा पाहा. तिथे नकाशावर नंबर नसून 'ओपन स्पेस' लिहिलेले असते.